परतीची वेळ बारा दहा

२२ जून २०२५, रविवार

नवी वही, नवं घर आणि पस्तिसाव्या वर्षी नवा नवरा. तिन्ही एकाच आठवड्यात मिळाली. माझं नशीब आजवर येवल्याच्या एसटी स्टँडवर पिशवी उशाला घेऊन झोपलं होतं, ते अखेर उठून नाशिकच्या गाडीत बसलं. म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवते, की मी खूश आहे.

घर गंगापूर रोडला, चौथ्या मजल्यावर. तीन खोल्या, भरपूर उजेड, ओट्याची उंची माझ्या मापाची. सासूबाई वत्सलाबाई मूळच्या वणीच्या, बोलणं रोखठोक. माप ओलांडून आत आले तर मला वरून खाली न्याहाळून म्हणाल्या, "लय वाळकी हाय पोर. पण ऱ्हाईल." ही पसंतीच असते, असं योगेशने नंतर समजावलं. तो सातपूरला एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो. बोलतो कमी, पण ऐकतो मन लावून. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, वहीत योगेश. वहीत एवढी सूट घ्यायला हरकत नाही.

माझं काम मी बरोबर आणलंय. माहेरी पैठणीचे माग आहेत. काठपदराच्या नक्ष्या मी काढते, आलेखाच्या कागदावर एकेक घर मोजून. तिसऱ्या खोलीत मोठं टेबल आहे, तिथे बसावं म्हटलं, तर त्यावर एक कॉम्प्युटर. तो कायम चालूच असतो. तेवढा बंद करू नकोस, योगेश म्हणाला. मी बरं म्हटलं आणि कागद जेवणाच्या टेबलावर पसरले.

२९ जून

आज कळलं तो कॉम्प्युटर कशासाठी आहे.

योगेशची पहिली बायको आरोही दीड वर्षापूर्वी डेंग्यूने गेली, सहा दिवसांत. हे लग्नाआधीच सांगितलं होतं, त्यात लपवाछपवी नाही. सांगितलं नव्हतं ते हे, की तिचं एक यान अजून वर आहे. म्हणजे खेळात. दोघं मिळून अवकाशयानांचा एक खेळ खेळायचे. यान बांधायचं, उडवायचं, दुसऱ्या ग्रहावर न्यायचं. खेळातली सूर्यमाला वेगळी, ग्रहांची नावं परकी, पण ही दोघं त्यांना पृथ्वी आणि मंगळच म्हणत. आजारी पडायच्या महिनाभर आधी आरोहीने एक यान मंगळाकडे सोडलं. आत एकच प्रवासी, तिला स्वतःचंच नाव दिलेलं. खेळात काळ पळवायची सोय असते, एक बटण दाबलं की महिने मिनिटांत सरतात. पण या यानाचा काळ खऱ्या घड्याळाबरोबर चालवायचा, असं त्यांचं ठरलं होतं. जायला साडेआठ महिने, मग मंगळाभोवती फिरत पंधरा महिने थांबायचं, मग यायला साडेआठ महिने.

थांबायचं कशाला, असं मी विचारलं. तर म्हणे दोन्ही ग्रह पळत असतात. पृथ्वी आत्ता जिथे आहे तिथे नेम धरून उपयोग नाही, यान पोचेल तेव्हा ती जिथे असेल तिथे धरायचा. हे मला चटकन कळलं. स्टँडात शिरणाऱ्या एसटीच्या खिडकीतून जागा धरायला रुमाल टाकला, तर तो समोरच्या सीटवर पडत नाही, मागच्या सीटवर पडतो. म्हणून पुढची खिडकी बघून टाकायचा. योगेश पोट धरून हसला. आरोहीला हे समजायला आठवडा लागला होता, म्हणाला. मला फार बरं वाटलं.

पृथ्वी मंगळाच्या पंचाहत्तर अंश मागे असेल तेव्हाच तिथून निघायचं, आणि अशी वेळ सव्वीस महिन्यांतून एकदाच येते. आरोहीने ती वहीत काढून ठेवली आहे: १५ सप्टेंबर, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "मुहूर्तच की मग." अगदी तसंच.

१३ जुलै

खरं लिहायचं तर मला तिचा राग येतो. मेलेल्या बाईचा. लाज वाटते, पण येतो.

रोज सकाळी साडेसहाला योगेश चहाचा कप घेऊन तिसऱ्या खोलीत जातो. पडद्याच्या कोपऱ्यात लहानशी चौकट आहे, तिच्यात प्रवाशाचा चेहरा दिसतो. पापण्या मिटतात, मान हलते, केस मानेपर्यंत कापलेले, आरोहीच्या फोटोत आहेत तसेच. तो तिच्याकडे बघत चहा पितो. माझ्यासमोर बसला की पेपर वाचतो.

सासूबाईंचं आरोहीपुराण वेगळं. आरोहीची भाकरी पातळ, आरोहीचं अक्षर मोत्यासारखं, आरोही कधी उलट बोलली नाही. कानामागून येऊन तिखट होतात म्हणे. मी व्हायला तयार आहे हो, पण जी नाही तिची चव सगळ्यांच्या जिभेवर असताना माझं तिखट लागणार कुणाला?

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कपाळावरची टिकली काढली आणि पडद्यावर तिच्या तोंडावर चिकटवून दिली. संध्याकाळी योगेशने ती नखाने अलगद सोडवली, आणून माझ्या कपाळाला लावली आणि चहा टाकायला गेला. भांडला असता तर मी जिंकले असते.

३ ऑगस्ट

तोच खेळ मी माझ्या लॅपटॉपवर घेतलाय. योगेश कामावर आणि सासूबाई आडव्या झाल्या की बसते. पहिली चार यानं जमिनीवरच फुटली. पाचवं मंगळापर्यंत गेलं, पण मंगळ तिथे नव्हता. एक दिवस उशिरा निघाले होते. मग वही घेऊन बसले, कोन मोजले, जसं मोराचं पीस बसवताना घरं मोजते तसे. सहावं बरोबर पोचलं. काळ पळवून पोचवलं, ते सोडा.

योगेशला दाखवलं. त्याला इतका आनंद झाला की त्याने सासूबाईंना उठवलं. मग आरोहीची वही काढून माझे आकडे तिच्या आकड्यांशेजारी धरले. माझं इंधन तिच्यापेक्षा पाव पट जास्त लागलं होतं. पहिल्याच खेपेला एवढं म्हणजे खूपच छान, म्हणाला. म्हणजे दुसरा नंबर. तिचं अक्षर खरंच मोत्यासारखं आहे, बारीक, सरळ, एक खाडाखोड नाही. मला ती वही फाडून टाकावीशी वाटली.

२४ ऑगस्ट

योगेशने आज मन मोकळं केलं. तिने मांडलेला हा शेवटचा हिशेब, तो तिच्या वेळेवर पुरा व्हावा एवढंच त्याला हवंय. पुढच्या जूनमध्ये यान उतरलं की कॉम्प्युटर बंद करू, म्हणाला. आजपासून जूनपर्यंत दहा महिने. दहा महिने सकाळचा चहा तिच्याबरोबर. आणि उतरल्यावर? जी परत येते तिला कुणी विसरतं का?

बोलता बोलता त्याने आणखी एक सांगितलं. यानात खाणं बेताचं आहे, परतीच्या प्रवासापुरतं आणि वर चार दिवसांचं. १५ तारखेची वेळ चुकली तर पुढच्या वेळेपर्यंत ती प्रवासी जगणार नाही. खेळ तिला पुसून टाकेल.

हे त्याने मला सांगायला नको होतं.

११ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू आहे. सोमवारी १५ला अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण म्हणून जी गेली तिच्या नावाने त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला बोलवतात, साडी देतात, ओटी भरतात. आरोहीच्या नावाने खालच्या मजल्यावरची संध्या येणार आहे. सासूबाईंनी मला बजावलं, स्वयंपाक आणि वाढप मी करायचं. सवतीने सवतीला हाताने वाढलं म्हणजे ती शांत होते, तिचं मन घरात अडकत नाही.

आता तिला जेवूही मीच घालायचं. बारा दहालाच तिचं यान निघणार आणि बारालाच तिचं पान. योगेशने रजा टाकलीय. माणसं जिवंत बायकोच्या वाढदिवसाला टाकत नाहीत.

१५ सप्टेंबर, सोमवार, संध्याकाळ

सगळं नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी तातडीने कारखान्यात बोलावलं म्हणून योगेशला जावंच लागलं. दहाला त्याचा फोन. मोठं यंत्र उघडून ठेवलंय, निघता येत नाही. आवाज रडवेला. म्हणाला, उज्वला, तुला येतं. यानाचं तोंड मी वळवून ठेवलंय, बारा दहाला इंजिन चालू करायचं आणि चार मिनिटांनी बंद. तुझ्याशिवाय हे मी कुणालाच सांगितलं नसतं. मी हो म्हटलं.

साडेअकराला संध्याचा फोन. त्यांच्या भावकीत कुणी गेलं, सुतक आलं, येता येत नाही. सासूबाईंचं तोंड उतरलं. पान मांडलेलं, पाटाभोवती रांगोळी काढलेली, ऐन वेळी दुसरी सवाष्ण आणायची कुठून? मी म्हटलं, मी बसते की. त्या एकदम मागे सरल्या. "तू नको. सवतीच्या पाटावर सवत बसत नाय. तू वाढायचं, तिनं खायचं." पण बारा वाजत आलेले, आणि मी पाटावर बसलेही होते. तिच्या नावाचं पान, तिच्या नावाची साडी, तीसुद्धा बाहेरच्या बाईला कशाला जाऊ द्यायची? या घरात तिच्या नावाचं जे जे आहे ते मला हवं होतं. सासूबाईंनी नाइलाजाने कुंकू लावलं, ओटी भरली आणि रीत म्हणून नाव घेतलं. "आरोही, बस माय, जेव." मी म्हटलं, बसले.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. वडे, अळूवडी, गवारीची भाजी. बारा आठला मी उठू शकले असते, तिसरी खोली दहा पावलांवर. मी आणखी खीर मागितली. बारा दहा. बारा अकरा. बारा चौदा. वाटी चाटून पुसून खाल्ली. इतकी गोड खीर मी जन्मात खाल्ली नव्हती.

योगेश सहाला आला. केलंस का, त्याने दारातूनच विचारलं. केलं, मी म्हटलं. तो आत गेला आणि मी ओट्याला धरून उभी राहिले. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. सेकंदही चुकला नाही म्हणाला, माझे दोन्ही हात हातात घेतले.

तो आंघोळीला गेल्यावर मी जाऊन पाहिलं. यान त्याच वर्तुळात फिरतंय, मग त्याला काय दिसलं? इंधन जसंच्या तसं. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत कुणी नाही. रिकामी खुर्ची, सुटलेले पट्टे.

१६ सप्टेंबर

रात्री झोप छान लागली. अंग हलकं वाटतंय. काट्यावर उभी राहिले, अठ्ठावन्नचे एकोणपन्नास. एका खिरीत नऊ किलो उतरले, गंगापूर रोडवरचे जिमवाले उपाशी मरतील.

काटा बिघडला असेल. पण तांदळाचा पाच किलोचा डबा ठेवला तर पाचच दाखवतो.

१७ सप्टेंबर

योगेशला विचारलं, डब्याला काय देऊ? तो पेपर वाचत राहिला. मी चिडून स्वयंपाकघरात आले, कणीक भिजवून झाली, तेव्हा बाहेरून म्हणाला, भेंडी. जणू मी आत्ताच विचारलं होतं. सासूबाईंचंही तेच. हाक मारली की ओ येते, पण मी हाक विसरल्यावर.

१८ सप्टेंबर

फ्रिजवर किराण्याची यादी लावलेली. मी लिहिलेली नाही. बारीक, सरळ अक्षर, एक खाडाखोड नाही.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आज भाकरी कशी झाली बघ, पापुद्र्यावानी." मी आज भाकऱ्या केल्या नाहीत. मी विचारलं, कुणी केल्या? त्या कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही. माझ्या जरा डावीकडे.

काटा एकतीस.

२१ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंना सगळं सांगितलं. वेळ मुद्दाम चुकवली, खोटं बोलले, पाटावर बसायला नको होतं. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मी घड्याळ लावून बसले. मिनिटं मोजली, कारण दुसरं काही सुचेना.

सव्वातेरा मिनिटांनी त्यांनी मान वर केली. भ्यायल्या होत्या. उठून दाराकडे बघितलं, खोलीभर बघितलं, आणि विचारलं, "उज्वला, तू बोलली का काही?" स्वयंपाकघरातून कुणीतरी लगेच उत्तर दिलं. नाही आई, मी कुठे. माझाच आवाज.

नंतर आकडा मांडला. पृथ्वी पंचाहत्तर अंश मागे असताना इथून मंगळ किती लांब, आणि तिथून निघालेला शब्द इथे यायला किती वेळ. दोनदा मांडला. सव्वातेरा मिनिटं.

२३ सप्टेंबर

काटा शून्य. पाय टेकत नाहीत, कपाटाला धरून चालते. कुणाला दिसत नाही.

संध्याकाळी योगेशने हाक मारली, उज्वला. मी ओ दिली. माझी ओ पोचायच्या आत तिने दिली. माझी निळी साडी, माझं मंगळसूत्र. पाठमोरी. त्याने तिच्या हातातून पिशवी घेतली. माझ्या हातातून कधी घेतली होती का, आठवत नाही.

मत्सराने जीव जळतो म्हणतात, तो खरंच जळतो. इथे, छातीत.

२६ सप्टेंबर

पेन उमटत नाही. शिसपेन वहीच्या कडेला होती म्हणून.

खुर्ची. पट्टे. गोल काच, खाली तांबडं.

समोर लहान चौकट, तिच्यात तिसरी खोली दिसते. टेबल, पंखा. टेबलावर माझे आलेखाचे कागद. आता तिथे बसायला मिळालं कुणाला, तर —

इथे बटणं आहेत, पण दाबून काही होत नाही. खेळात प्रवासी काही करत नाही. बाहेरचा खेळणारा करतो.

२८ सप्टेंबर

डबे मोजले. २४७ दिवसांचं खाणं. पुढची वेळ नोव्हेंबर २०२७ला.

पण आशा आहे. आरोहीने इंधन थोडं जास्त ठेवलंय. शहाणी बाई, मनापासून म्हणते. पुन्हा पुन्हा मांडलं, एकेक घर मोजून. ३० तारखेपर्यंत निघालं तरी वेग वाढवून, खाणं संपायच्या आत पोचता येतं. इंजिन सहा मिनिटं चालवायचं. फक्त तिने एक बटण —

तिला येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं.

ओरडून सांगते आहे. जायला सव्वातेरा, यायला सव्वातेरा. ती खोलीत आली की बोलते. ती केर काढून जाते.

३० सप्टेंबर

सकाळी साडेसहा. ती येऊन टेबलाशी बसली. मी सगळं सांगितलं. कोन, इंधन, वेळ. टिकलीबद्दलही. माफ कर म्हटलं. तू तिथे राहा, मला फक्त खाली येऊ दे, मी येवल्याला जाईन, त्याला भेटणारही नाही.

थांबले. घड्याळ बघितलं.

ऐकलं तिने. हात थांबला, मान वर झाली. माझ्याकडे बघितलं. माझाच चेहरा.

योगेश आला, दोन कप घेऊन. दोन. एक तिच्यापुढे ठेवला, खांद्यावर हात ठेवला. पेपर नाही आणला.

ती त्याला काहीतरी विचारते आहे. काळ पळवायचा नाही हा त्याचा नियम. तो हसला. मान हलवली. तिच्यासाठी मोडला.

ती परत माझ्याकडे बघते. ही नजर मला माहीत आहे. तिला घर मिळालंय. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. केलंच.

हात बटणाकडे. इंजिनाच्या नाही —

मंगळ गरगरतोय. दिवस रात्र दिवस

डबे २३०. लिहिलं तोवर १९१

तारीख काय घालू. नोव्हेंबर. नाही, जानेवारी असेल

भूक

११८

अहो, तिला सांगा, मी उज्वला, मी इथे, तिला थांबवा

४०

ऐकू जायला सव्वातेरा मिनिटं लागतात, आणि सव्वातेरा मिनिटांत इथे